विषय : मराठी भाषा अस्तित्वात आणण्याबाबत

“इंग्रजी कागद आवकला घेता येत नाही, मॅडम,” चिंचखेडे म्हणाले आणि माझा कागद त्यांनी दोन बोटांनी परत माझ्याकडे सरकवला.

“अहो, हा अर्ज नाहीये. संगणकाने दिलेला एरर आहे. तुमच्याच मॅडमनी छापून मागितलाय.”

“असंन. पण टेबलावर कागद आला म्हणजे आवक झाली. आन् इंग्रजी आवक घ्याची नाही, असं परिपत्रक आहे. मराठीत करून द्या, लगेच नंबर टाकतो.”

सकाळचे साडेअकरा झाले होते. मे महिना, विदर्भातलं एक जिल्ह्याचं गाव, बाहेर सेहेचाळीस अंश. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात एक भलामोठा कूलर घरघरत होता आणि त्याची हवा बरोबर चिंचखेड्यांच्या टेबलापर्यंत येऊन थांबत होती. मी टेबलाच्या अलीकडे उभी होते.

“तुम्हीच करा भाषांतर,” मी वैतागून म्हणाले.

त्यांना तेच हवं होतं. त्यांनी चष्मा लावला, पेनाचं टोपण मागे खोचलं आणि कागदावरच्या एकुलत्या एका ओळीखाली वळणदार अक्षरात लिहिलं : ‘चूक : मराठी ही भाषा अस्तित्वात नाही.’ मग आपणच लिहिलेलं त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

“मॅडम, हे कोण म्हणून राह्यलं?”

“तुमचा नवा सर्व्हर.”

“आपला?” सुखदेव चिंचखेडे इतके दुखावले, की त्यांनी नंबर टाकायलाही दोन मिनिटं घेतली.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. नाशिकची, नोकरी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत, आणि हे माझं एकटीने केलेलं पहिलं काम. शिक्षकांच्या बदल्या संगणकावर करणारी प्रणाली आमच्या कंपनीने लिहिली होती. जुन्या सर्व्हरची डिस्क बुधवारी राम म्हणाली, सुदैवाने आदल्या दिवशीची प्रत हाती होती. ती नव्या यंत्रावर उतरवायची, बदल्यांचा प्रोग्रॅम चालवायचा आणि यादी शुक्रवारी पाचच्या आत वर पाठवायची, एवढंच माझं काम. पाचनंतर राज्याचं दार बंद. त्या वर्षीच्या बदल्या रद्द.

आज शुक्रवार होता आणि प्रोग्रॅम चालत नव्हता.

शिक्षणाधिकारी देवपुजारी मॅडमच्या पुढे मी तो कागद ठेवला. बाई करारी, निवृत्तीला दीड महिना राहिलेला. त्यांनी कागद वाचला आणि घंटी दाबली.

“हे कोणी लिहिलं?”

“अक्षर माझं आहे, म्हणणं संगणकाचं आहे,” चिंचखेडे घाईने म्हणाले.

“महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयात बसून मराठी अस्तित्वात नाही म्हणतं? कंपनीला कारणे दाखवा नोटीस काढा.”

“मॅडम, कंपनी इथेच उभी आहे,” मी म्हटलं.

“मग तुम्ही कारण दाखवा. पाचच्या आत.”

कारण मलाही हवंच होतं. डेटाबेसला स्वतःची अक्कल बेताची असते. सेवाज्येष्ठता, अवघड क्षेत्र, पती-पत्नी एकत्र असे बदल्यांचे सगळे नियम छोट्या छोट्या प्रोग्रॅममध्ये लिहून त्याच्या पोटात ठेवावे लागतात. प्रत्येक प्रोग्रॅमच्या कपाळावर तो कोणत्या भाषेत लिहिलाय ते नाव असतं. ते वाचून डेटाबेस त्या भाषेच्या दुभाष्याला हाक मारतो. त्या दुभाष्याला आम्ही हँडलर म्हणतो. तो आला नाही, तर प्रोग्रॅम मुका.

आमच्या प्रोग्रॅमची भाषा होती पीएल-पीजी-एसक्यूएल. नाव काही गोड नाही, पण भाषा कामाची. तिचा हँडलर तुटला असणार, असं मी धरून चालले होते.

आदल्या वर्षी यादीत कोणीतरी हात घातल्याचा आरोप होऊन चौकशी झाली होती. तेव्हापासून बदल्यांच्या दिवसांत संगणकात काना-मात्रा बदलायचा तरी मंजूर टिपणी लागे. आणि मी काय टाइप करते ते नोंदवहीत लिहायला चिंचखेडे माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसत.

“सिलेक्ट... स्टार... फ्रॉम...” ते पुटपुटत देवनागरीत लिहीत होते. “मॅडम, स्टार म्हणजे तारा लिहू का चांदणी?”

“काहीही लिहा.”

“काहीही कसं लिहू? उद्या चौकशी लागली तर?” त्यांनी चांदणी लिहिली.

मी हँडलर पुन्हा बसवला. बसवायला नव्या यंत्रासाठी बुधवारी मंजूर झालेली टिपणी पुरत होती. तपासला, ठणठणीत होता. प्रोग्रॅम उतरवायला घेतले. मराठी अस्तित्वात नाही. सगळा डेटाबेस पुसून पहिल्यापासून बसवला. मराठी अस्तित्वात नाही. दीड वाजला. पुण्याहून माझ्या साहेबांचा फोन आला.

“हँडलर तुटलंय ते. लायब्ररी परत टाक.”

“टाकली सर. दोनदा.”

“मग आता एरर काय येतोय?”

“मराठी भाषा अस्तित्वात नाही.”

“सातभाई, तू पाणी पितेयस ना? ऊन फार आहे म्हणे तिकडे.”

पाणी चिंचखेडेच आणून देत होते, माठातलं, वाळा घातलेलं. दुपारी त्यांनी डबा उघडला, त्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे ठेवली आणि खालच्या आवाजात विचारलं, “मॅडम, होईन ना पाचपर्यंत?”

“तुम्हाला एवढी काळजी का?”

“माही घरवाली मास्तरीण आहे. मंदा. तिकडे नदीपल्याड, एकशेनव्वद किलोमीटरवर. अकरा वर्षं झाली.” ते भाकरीकडे बघत बोलत होते. “लग्न झालं आन् पंधरा दिवसांत ऑर्डर निघाली. दिवाळीत येते, उन्हाळ्यात येते. औंदा जनगणनेच्या कामाले लावलं, थेही नाही. या वर्षी यादीत पयला नंबर आहे तिचा. पयला! आन् पुढच्या वर्षी नवं धोरण येऊन राह्यलं. मोजणी पुन्हा शून्यापासून.”

“म्हणजे आज नाही झालं तर?”

“मंग मी रिटायर झाल्यावर पाहू,” ते म्हणाले आणि त्यांनी हसून पाहिलं.

सकाळपासून मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होते. मी डबा बाजूला केला आणि सकाळी जे करायला हवं होतं ते केलं. हँडलरचा नाद सोडला आणि प्रोग्रॅमच्या कपाळावर काय लिहिलंय ते उघडून वाचलं.

पहिल्या प्रोग्रॅमवर लिहिलं होतं : भाषा, मराठी. दुसऱ्यावरही तेच. एकशेचौदा प्रोग्रॅम, सगळ्यांच्या कपाळावर मराठी आणि पोटात अथपासून इतिपर्यंत इंग्रजी. नवं यंत्र बिचारं प्रामाणिक होतं. ते मराठीच्या दुभाष्याला हाका मारत होतं आणि त्या नावाचं तिथे कोणी राहतच नव्हतं. हँडलरला काही धाड भरली नव्हती. जुन्या सर्व्हरवर कोणीतरी भाषेचं नावच बदलून टाकलं होतं आणि त्याबरोबर सगळ्या प्रोग्रॅमवरचं नावही आपोआप बदललं होतं. घरच्या घरात नाव बदललं तर कोणाचं अडत नाही, तसं जुन्या यंत्राचंही अडलं नव्हतं. अडलं ते बिऱ्हाड हलवल्यावर.

“चिंचखेडे, जुन्या सर्व्हरवर भाषेचं नाव कोणी बदललं होतं? काही माहीत आहे?”

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे शिक्षणमहर्षींच्या दोन तसबिरींच्या मधोमध एक चौकट होती. ‘श्री. सुखदेव चिंचखेडे, वरिष्ठ सहायक, यांनी कार्यालयीन संगणकाची भाषा मराठी केल्याबद्दल.’ खाली मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची सही आणि गोल शिक्का.

“मीच,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली. मराठी दिनाले शाल भेटली, नारळ भेटला.”

“पण का?” माझा आवाज जरा चढलाच.

“अहवाल मागतला होता वरून. राजभाषेचा वापर. रकाना चार : संगणकात वापरात असलेल्या भाषा. मी संगणक उघडला, तं आतमधी खरंच भाषेची यादी! चार नावं. एक नुसतं सी. मराठीचं नाव नाही, जी. आता मी काय लिहू? मराठी, निरंक?” त्यांनी छातीवर हात ठेवला. “सतरा वर्षं मराठीत टिपण्या लिहून राह्यलो मी. हात नाही धजला. त्या चारातलं जे सगळ्यात लांबलचक आन् कोणाले वाचता न येणारं नाव होतं, त्याच्यावर उजवं बटण दाबलं. ‘नाव बदला’ असं आलं. बदललं. काई बिघडलं नाही, बदल्याही झाल्या दोन वर्षं. काऊन मॅडम?”

मी सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे बघायचं टाळलं, पण शेवटी बघावंच लागलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“म्हणजे मंदाची बदली मीच अडवली?”

कूलर घरघरत होता. मला या माणसाचा राग यायला हवा होता. आला नाही. वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटतंय याचाच राग आला.

“माहं नाव लिहून टाका,” ते म्हणाले. “सस्पेंड करू द्या. पण बदल्या तर होतीन?”

“नाही होणार. कागदावर ‘फेरफार’ हा शब्द आला की चौकशी लागेल आणि चौकशी लागली की यादी थांबेल. गप्प बसा. उपाय सोपा आहे. कपाळावरचं मराठी पुसायचं, जुनं नाव लिहायचं. फक्त टिपणीवर सही हवी.”

अडीच वाजता मी टिपणी लिहिली. ‘प्रोग्रॅमवरील “मराठी” हे नाव काढून मूळ नाव पूर्ववत करणेस मान्यता असावी.’

देवपुजारी मॅडमनी ती वाचली. “म्हणजे संगणकातून मराठी काढायची?”

“नुसतं नाव, मॅडम.”

“आणि ठेवायचं काय?”

“पीएल-पीजी-एसक्यूएल.”

“हे कुठल्या देशात बोलतात?”

मी समजावत राहिले. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “सातभाई, तुमचं खरं असेल हो. पण उद्या पेपरात काय येईल? ‘जिल्हा परिषदेच्या संगणकातून मराठी हद्दपार.’ खाली फोटो कोणाचा? माझा. तोही ओळखपत्रावरचा. दीड महिना राहिलाय माझा. मी सही करणार नाही.”

तीन वाजता दुसरी टिपणी नेली : मराठीऐवजी तांत्रिक भाषा वापरणेस मान्यता. “म्हणजे मराठी तांत्रिक नाही, असं मी लेखी देऊ?” साडेतीनला तिसरी, तीत मराठी हा शब्दच नव्हता, नुसतं ‘सदर भाषा’. “सदर म्हणजे कोणती?” बाईंनी विचारलं. त्यांना ती कोणती ते चांगलं माहीत होतं.

पावणेचारला मी परत येऊन बसले. डोकं दुखत होतं. मला एक ओळ टाइप करायची होती आणि त्या एका ओळीवर जिल्ह्यातला एकही माणूस सही करणार नव्हता, हे मला कळून चुकलं होतं. चिंचखेडे माझ्या तिन्ही टिपण्या पुढ्यात घेऊन बसले होते आणि मास्तरने वही तपासावी तसे मान हलवत होते.

“मॅडम, राग नका मानू. तुमची टिपणीच चुकीची आहे.”

“तुम्ही बोलू नका. तुमच्यामुळेच हे झालंय.”

“थे खरं आहे. पण तुम्ही तिन्हीत काढून राह्यल्या. सरकारात काई काढाले सही भेटत नाही, मॅडम. सतरा वर्षांत मी नाही पाह्यली. नवीन आणाले मात्र लगेच भेटते.”

“आणायचं काय? मराठी तर आहेच ना सगळ्या—” मी बोलता बोलता थांबले.

प्रोग्रॅमवर होती. नव्या सर्व्हरवर नव्हती. सकाळपासून तो तेच सांगत होता. एकशेचौदा कपाळं पुसायची कशाला? नव्या यंत्रावर त्या दुभाष्याचंच नाव मराठी ठेवलं की झालं! चिंचखेड्यांनी दोन वर्षांपूर्वी केलेला गाढवपणा पुन्हा एकदा, आणि या वेळी रीतसर परवानगीने करायचा.

“लिहा,” मी म्हटलं.

त्यांनी कोरा कागद घेतला. एक शब्द खोडला नाही, एकदा थांबले नाहीत.

‘विषय : मराठी भाषा अस्तित्वात आणण्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, नवीन सर्व्हरवर मराठी ही भाषा अस्तित्वात नसल्याची गंभीर बाब निदर्शनास आली आहे. सबब, ती तात्काळ अस्तित्वात आणणे उचित होईल. मान्यतेस्तव सादर.’

देवपुजारी मॅडमनी ती टिपणी उभ्याने वाचली, मग खुर्चीत बसून वाचली. चष्मा काढून पुसला.

“बत्तीस वर्षं नोकरी केली,” त्या म्हणाल्या. “सह्या केल्या त्या शौचालयांच्या दुरुस्त्या आणि बाकांच्या खरेदीवर. असा कागद कधी समोर आला नव्हता.” त्यांनी पूर्ण सही केली, आद्याक्षरांची नव्हे. “किती वेळ लागेल अस्तित्वात आणायला?”

“एक सेकंद.”

“एवढाच?” बाईंना ते रुचलं नाही. “दोन-तीन मिनिटं तरी लावा. बरं दिसत नाही.”

मी ती ओळ टाइप केली. चिंचखेड्यांनी ती नोंदवहीत उतरवली. मग एकशेचौदा प्रोग्रॅम एकामागून एक उतरू लागले. एकही अडला नाही. बदल्यांचा मुख्य प्रोग्रॅम सुरू केला तेव्हा चार वाजून बावीस मिनिटं झाली होती आणि तो अठरा मिनिटं चालला. त्या अठरा मिनिटांत चिंचखेडे पडद्याकडे पाठ करून बसले.

“आली यादी,” मी म्हणाले.

“तुम्हीच पाहा. मले नाही पाहावत.”

पहिल्या नंबरावर चिंचखेडे मंदा सुखदेव. पुढे नवी शाळा, बोरखेडी. मी वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं आणि ते उचलायला वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

यादी वर पाठवून पोच हाती येईपर्यंत दहा मिनिटं गेली. देवपुजारी मॅडम स्वतः येऊन पोच बघून गेल्या. कंपनीला पाठवायच्या अहवालात ‘त्रुटीचे कारण’ असा एक रकाना होता. मी लिहिलं, ‘नावात तफावत’. ते खोटं नव्हतं आणि पुण्यात कोणी पुढे विचारलंही नाही. एवढी वर्षं मी हे काम करतेय. एखाद्या रकान्यात कमी लिहिल्याचं समाधान मला दुसऱ्यांदा कधी मिळालं नाही.

मग चिंचखेड्यांनी फोन लावला. त्यांच्या फोनचा कानाकडचा आवाज गेलेला होता, त्यामुळे जे काही बोलायचं ते स्पीकर लावून, सगळ्या हॉलला ऐकवून. मी उठू लागले, तर त्यांनी हाताने बसा म्हटलं. मला वाटतं, त्यांना कोणीतरी शेजारी हवं होतं.

“मंदा?”

“टाकीवर चढून बसली आहो चार वाजल्यापासून,” बाईचा आवाज आला. मागे वारा होता. “इथंच थोडी रेंज आहे. झालं का?”

“झालं.”

“कुठं?”

“बोरखेडी. आपल्या घरून चार किलोमीटर. सायकलनं जाशीन.”

पलीकडे नुसता वारा. चिंचखेड्यांनी फोन उचलून पाहिला, बंद पडला की काय म्हणून.

“आयकू येऊन राह्यलं का?”

“हो.”

“मंग बोल ना काई. आनंद नाही झाला काय?”

“झाला ना. लय झाला.” ती थांबली. “पण अहो, एक सांगू? सांजच्याले दहा मिनिटं रेंज भेटे आपल्याले. भाजी काय केली, गोळी घेतली का, ठेवते. अकरा वर्षं आपण थेवढंच बोललो. आता सकाळपासून सांजवरी एका घरात राहाचं. मी काय बोलू तुमच्यासंग? मले येतच नाही जी.”

चिंचखेड्यांनी तोंड उघडलं. ज्या माणसाने तासाभरापूर्वी एका दमात ती टिपणी लिहिली होती, त्याला एक शब्द सुचेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कूलरकडे पाहू लागले.

शेवटी त्यांनी फोन दोन्ही हातांत धरून तोंडाजवळ नेला.

“मलेही नाही येत,” ते म्हणाले. “तू ये. नुसते बसू.”

“बरं,” ती म्हणाली. मग बराच वेळ दोघंही काही बोलले नाहीत, आणि फोन मात्र कोणीच ठेवला नाही.